नवा जन्म म्हणजे काय: योहानाचा तिसरा अध्याय कसा वाचावा

ख्रिस्ती श्रद्धेतील नव्या जन्माची कल्पना समजून घ्यायची असेल, तर व्याख्येपासून सुरुवात करू नये. एका रात्रीच्या संवादापासून करावी. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातला), यहूद्यांचा एक अधिकारी आणि शास्त्र शिकवणारा प्रतिष्ठित गुरू, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही, हे वाक्य त्याला तेथे ऐकावे लागते. हा अध्याय मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अभ्यासवर्गात मी बरीच वर्षे घेत आलो आहे आणि पुढे सांगितलेली रीत त्या वर्गांतील चुकांमधूनच घडत गेली आहे. एकट्याने वाचणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल. साधारण तासाभराच्या तीन बैठका ठेवाव्यात आणि दोन बैठकांमध्ये काही दिवस जाऊ द्यावेत. सोबत मराठी बायबलची शक्यतो दोन वेगळी भाषांतरे, एक पेन्सिल आणि एक वही असली की पुरते.

शब्द आधी निवडावा

पहिल्याच वर्गात मी फळ्यावर ‘पुनर्जन्म’ असा शब्द लिहिला होता. मागच्या बाकावरील एका वयस्क गृहस्थांनी शांतपणे विचारले, “म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनी ख्रिस्ती लोकही मानतात का?” प्रश्न रास्त होता आणि दोष माझ्या शब्दाचा होता. मराठीत पुनर्जन्म म्हटले की मरण, कर्माचा हिशेब आणि दुसरा देह ही सगळी साखळी आपोआप डोळ्यांपुढे उभी राहते. ख्रिस्ती शिकवण त्याच्या उलट आहे: माणसाने एकदाच मरावे आणि त्यानंतर न्याय व्हावा, असे इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील जन्म मरणानंतरचा नाही. तो याच देहात, याच घरात, याच नावाने जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत घडतो. म्हणून ‘नवा जन्म’ किंवा ‘नव्याने जन्मणे’ हेच शब्द वापरावेत आणि पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांतून उठणे, ही गोष्ट यापासून वेगळी ठेवावी. वर्गात या तीन शब्दांची गल्लत हमखास होते.

मराठीत पुनर्जन्म या शब्दाचा आणखी एक, घरगुती उपयोग आहे, तो मात्र सोडून देऊ नये. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. जन्म ही सहज फुकट घडणारी गोष्ट नाही, तेथे कोणीतरी जिवावर उदार झालेले असते आणि ते जन्मणारे मूल नसते, हे या म्हणण्यात अचूक आले आहे. हा धागा वहीत टिपून ठेवावा. दुसऱ्या बैठकीत तो लागतो.

ज्या घरांत मुंजीची परंपरा आहे तेथील वाचकाला ‘द्विज’ हा शब्दही आठवेल. दुसऱ्या जन्माची कल्पना त्याला परकी नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण फरकही त्याच वेळी पाहून घ्यावा. परंपरेने मुंजीचा अधिकार वर्णावर आणि मुलगा असण्यावर ठरत आला, तर योहान आपल्या पहिल्याच अध्यायात सांगतो की देवाच्या मुलांचा जन्म रक्तापासून नाही, देहाच्या इच्छेपासून नाही, पुरुषाच्या इच्छेपासूनही नाही, तर देवापासून झालेला असतो. कूळ, वंश आणि वडिलांचे नाव येथे कामाला येत नाही. निकदेमासारख्या कुलीन माणसाला हे ऐकणे जड गेले असेल, यात नवल नाही.

पहिली बैठक: एक अध्याय मागे जाऊन

वाचन तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनापासून सुरू करू नये. दुसऱ्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनापासून करावे. अध्यायांची आज दिसणारी विभागणी तेराव्या शतकातील आहे. योहानाने लिहिताना मध्ये रेघ मारलेली नव्हती. दुसरा अध्याय संपताना तो लिहितो की चिन्हे, म्हणजे चमत्कार, पाहून पुष्कळांनी येशूवर विश्वास ठेवला, पण येशूने स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही, कारण मनुष्यात काय आहे हे त्याला ठाऊक होते. आणि लगेच पुढचे वाक्य येते: परूश्यांपैकी निकदेम नावाचा एक मनुष्य होता. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी ‘मनुष्य’ हा एकच शब्द आहे. पेन्सिलने दोन्हींखाली रेघ ओढावी. मग निकदेमाचे पहिले वाक्य वाचावे: तुम्ही करता ती चिन्हे देवाच्या साहाय्यावाचून कोणाला करता येणार नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. चिन्हे पाहून विश्वास ठेवणाऱ्यांच्या ज्या गर्दीविषयी आत्ताच सावध केले होते, तिच्यातलाच हा एक मनुष्य आहे, फक्त चांगल्या कपड्यांतला, असे योहान सुचवतो आहे.

याच बैठकीत सर्वनामांकडेही लक्ष द्यावे. येशू निकदेमाला एकेरीत ‘तुला’ म्हणून सांगत असतो. पण सातव्या वचनात, “नव्याने जन्मले पाहिजे” म्हणताना, मूळ वाक्य अचानक अनेकवचनात जाते. मराठी वाचकाची येथे हमखास फसगत होते, कारण आपल्याकडे ‘तुम्हांला’ हे आदरार्थीही असते आणि आपण समजतो की येशू एका ज्येष्ठ गुरूशी अदबीने बोलतो आहे. ते आदरार्थी नाही. निकदेम ‘आम्हांला ठाऊक आहे’ म्हणत आला होता. त्या ‘आम्हां’ सर्वांना मिळालेले हे उत्तर आहे. नवा जन्म दारुड्यांना आणि चोरांना लागतो, आपण सुशिक्षित आणि नेमाने उपासनेला जाणारी माणसे आहोत, अशी समजूत घेऊन वर्गात बसणारा कोणी ना कोणी असतोच. त्याच्यासाठी हे एक अनेकवचन पुरेसे आहे.

आता मुख्य शब्दाकडे यावे. येशू जो शब्द वापरतो त्याचा ग्रीक उच्चार ‘आनोथेन’ असा आहे आणि त्याचे दोन अर्थ होतात: ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेम पहिला अर्थ धरतो आणि विचारतो की म्हाताऱ्या माणसाने दुसऱ्यांदा आईच्या उदरात कसे जावे. योहानाला काय म्हणायचे आहे हे शब्दकोशापेक्षा त्याच्याच लिखाणात शोधावे. याच अध्यायाच्या एकतिसाव्या वचनात ‘वरून येणारा’ सर्वांच्या वर आहे असे म्हटले आहे, तेथे हाच शब्द आहे. एकोणिसाव्या अध्यायात पिलात या रोमी सुभेदाराला येशू सांगतो की तुला वरून अधिकार दिला नसता तर माझ्यावर तुझे काही चालले नसते. तेथेही हाच शब्द. आणि त्याच अध्यायात शिपाई येशूचा जो अंगरखा चिठ्ठ्या टाकून घेतात, तो बिनशिवणीचा, ‘वरपासून’ सबंध विणलेला होता, तेथेही तोच. ही तीन ठिकाणे उघडून मग परत तिसऱ्या वचनावर यावे. जुन्या कापडाला ठिगळ लावणे आणि वरपासून सबंध विणणे, यांतला फरक त्या अंगरख्यामुळे जितका लवकर समजतो तितका माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणाने समजलेला मी पाहिला नाही. मराठी भाषांतरातील ‘नव्याने’ हा शब्द वाईट नाही, पण त्यात ‘वरून’ हरवते, म्हणून समासात ते लिहून ठेवावे. नवा जन्म म्हणजे पुनश्च हरिओम नव्हे. तेच जुने आयुष्य अधिक निर्धाराने पुन्हा सुरू करण्याविषयी येशू बोलत नाही.

दुसरी बैठक: पाणी, वारा आणि साप

पाचव्या वचनातील ‘पाण्यापासून व आत्म्यापासून’ या शब्दांवर ख्रिस्ती जगात शतकानुशतके वाद आहे. काही जण पाणी म्हणजे बाप्तिस्मा, पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, असे मानतात, आणि हा अर्थ फार जुना आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन मार्टरने नव्या जन्माचा हा उपदेश बाप्तिस्म्याच्या वर्णनातच घातला आहे. काही जण पाणी म्हणजे आईच्या उदरातील पाणी, म्हणजे नैसर्गिक जन्म, असे घेतात. मला तिसरी वाट अधिक पटते. दहाव्या वचनात येशू निकदेमाला विचारतो की तू इस्राएलाचा गुरू असूनही तुला हे समजत नाही काय. म्हणजे त्याला जे समजायला हवे होते ते त्याच्या स्वतःच्या शास्त्रात असले पाहिजे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय काढावा आणि पंचवीस ते सत्तावीस ही वचने मोठ्याने वाचावीत: मी तुमच्यावर शुद्ध पाणी शिंपडीन, तुमचे पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन, माझा आत्मा तुमच्या ठायी घालीन. पाणी आणि आत्मा येथे एकत्र आहेत, आणि प्रत्येक क्रियापदाचा कर्ता देव आहे. बाप्तिस्म्याचा अर्थ यामुळे खोटा ठरत नाही. त्याच्या मुळाशी काय आहे ते मात्र दिसते.

आठव्या वचनातील वाऱ्यासाठी मराठी भाषांतरकाराची अडचण समजून घ्यावी. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, ‘प्नेउमा’. इब्रीतही तसेच, ‘रूआख’. मराठीत दोन शब्द वापरावे लागतात आणि श्लेष सुटतो. गंमत अशी की आपल्या खेड्यापाड्यांत ‘अंगात वारं येणं’ असा प्रयोग आहे, म्हणजे वारा आणि अदृश्य शक्ती यांची सांगड बोलीला माहीत आहे. पण त्या ओळखीने फसू नये. घुमणे, भान हरपणे हा या वचनाचा विषय नाही. वारा कोठून येतो आणि कोठे जातो हे कळत नाही, त्याचा आवाज मात्र ऐकू येतो, एवढेच येशू सांगतो. उगम हाती लागत नाही, परिणाम टिपता येतो. तिसऱ्या बैठकीत आपल्याला परिणामच पाहायचे आहेत.

एवढे झाल्यावर वर्गात प्रश्न येतोच: मग माणसाने करायचे काय? मार्गदर्शिका लिहिणाऱ्याची येथे मोठी पंचाईत होते, कारण जन्म ही जन्मणाऱ्याने करायची गोष्ट नाही. प्रवचनांत ‘नवा जन्म घ्या’ असे सहज म्हटले जाते. मी स्वतः ते टाळतो. मराठीत जन्म ‘घेणे’ म्हटले की अवतार घेतल्यासारखे, स्वेच्छेने उतरल्यासारखे वाटते. आपण ‘जन्माला येणे’ असेही म्हणतो, आणि ते मूळ अर्थाला जास्त जवळ आहे. बाळंतपणाचा जो धागा आपण वहीत टिपला होता तो येथे जोडावा: कळा सोसणारे दुसरेच कोणी असते. येशू निकदेमाला उत्तर देताना साधना सांगत नाही, एक जुनी गोष्ट आठवून देतो. गणनाच्या पुस्तकातील एकविसाव्या अध्यायात रानात सापांनी डसलेल्या लोकांसाठी मोशे पितळेचा साप करून खांबावर टांगतो आणि जो त्याच्याकडे पाहतो तो वाचतो. तसेच मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे स्वतःला, उंच केले जाणे अगत्याचे आहे, असे येशू म्हणतो, आणि त्याचा रोख क्रूसाकडे असतो. डसलेल्याने औषध कुटायचे नव्हते की विष उतरवायचे नव्हते. मान वर करून पाहायचे होते. पश्चात्ताप आणि विश्वास या दोन शब्दांचा या अध्यायापुरता अर्थ एवढाच: आपल्याला डसलेले आहे हे मान्य करणे, आणि पाहणे. ज्याला प्रार्थना करावीशी वाटेल त्याने याच दोन गोष्टी आपल्या साध्या भाषेत देवापुढे मांडाव्यात. ठरावीक शब्दांची प्रार्थना पाठ म्हटली म्हणजे जन्म झाला, असा हिशेब कोणी मांडत असेल तर तो या अध्यायातून निघत नाही.

तिसरी बैठक: ‘केव्हा’ हा प्रश्न आणि खुणा

काही मंडळ्यांत साक्ष देताना, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगताना, नव्या जन्माची तारीख सांगण्याची प्रथा आहे, आणि ज्याच्याजवळ तारीख नाही तो ओशाळतो. दोन मराठी स्त्रियांची उदाहरणे शेजारी ठेवली की हा ताण कमी होतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. तोपर्यंत मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडून झाले होते आणि ते पुण्यालाही आले होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यात काही कमी आहे असे स्वप्नातही वाटले नसते. विधी आधी झाला, उमज नंतर आली.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले होते. सोवळेओवळे त्यांनी त्यानंतरही सोडले नाही. मग जातीभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, हे त्यांना आतून पटले आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याची त्यांची तयारी झाली. बाप्तिस्मा 1900 साली झाला. त्यांच्या बाबतीत आत काहीतरी आधी हलले आणि विधी मागून आला. या दोघींपैकी कोणाचा नवा जन्म नेमका कोणत्या दिवशी झाला, हे मी ठरवू धजत नाही. आपल्या पहिल्या जन्माची तारीखसुद्धा आपल्याला दुसऱ्यांनी सांगितलेली असते.

बाप्तिस्म्याविषयी मंडळ्यामंडळ्यांत फरक आहेत, ते थोडक्यात ठाऊक असावेत. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे स्नानसंस्कारातच, म्हणजे बाप्तिस्म्यातच, नवा जन्म मिळतो, म्हणून वसईकडच्या कॅथलिक घरात तान्ह्या बाळालाही तो दिला जातो आणि पुढे दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, होतो. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या आधी विश्वास, मग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, असा क्रम धरतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने बालकांचा आणि प्रौढांचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले, कारण दोन्ही परंपरांच्या मंडळ्या तिच्यात एकत्र आल्या होत्या. अभ्यासवर्गात वेगवेगळ्या मंडळ्यांची माणसे असतील तर हा वाद तासाला दहा मिनिटांवर नेऊ नये. त्यातून कोणी शहाणे झालेले मी अजून पाहिलेले नाही.

उरलेला वेळ खुणांना द्यावा. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन घ्यावे. चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, असे तेथे म्हटले आहे. पण वाक्य तेथे थांबत नाही. त्याने आपल्या हातांनी काम करावे, आणि ते कशासाठी, तर गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावे म्हणून. चोरी थांबवणे तुरुंगालाही जमते. घेणारा हात देणारा होणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि पौल या पत्रात ज्याला ‘नवा मनुष्य’ म्हणतो तो येथे ओळखू येतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कय नव्या जन्माविषयी चकार शब्द काढत नाही. तो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट परत, एवढेच बोलतो. गलतीकरांस पत्रातील आत्म्याच्या फळाची यादी (प्रीती, आनंद, शांती आणि पुढची सहा) याच रीतीने वाचावी आणि तेथे ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे हे सांगावे: नऊ वेगळी फळे नाहीत, एकाच फळाच्या नऊ चवी आहेत.

खुणा तपासताना दोन सावधगिऱ्या पाळाव्यात. नव्याने जन्मलेला माणूस पुन्हा चुकणार नाही, असे समजू नये. योहानाच्याच पहिल्या पत्रात, आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो, असे आहे. दुसरी गोष्ट, या खुणा शेजाऱ्यासाठी वापरू नयेत. अमका खरोखर जन्मला आहे की नाही, याची चर्चा प्रत्येक वर्गात एकदा तरी सुरू होते आणि ती तेथेच थांबवावी लागते. ज्याला स्वतःची साक्ष लिहायची असेल त्याने आधीच्या पापांचे वर्णन रंगवू नये. कालपरवाची एखादी लहान घटना लिहावी, जेथे पूर्वी आपण वेगळे वागलो असतो. आमच्या वर्गात एका बाईंनी लिहिले होते की जावेशी बंद असलेले बोलणे त्यांनी स्वतः सुरू केले आणि पहिले वाक्य काय बोलावे ते दोन दिवस सुचत नव्हते. मला ती साक्ष अजून आठवते.

बैठक संपवताना निकदेमाकडे परत जावे, कारण तिसऱ्या अध्यायात तो मध्येच गप्प होतो आणि त्याने काय ठरवले हे योहान सांगत नाही. सातव्या अध्यायात तो पुन्हा दिसतो: अधिकारी येशूला दोषी ठरवायला निघालेले असताना, माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय, एवढे एक वाक्य तो बोलतो आणि टोमणा खाऊन घेतो. शेवटी एकोणिसाव्या अध्यायाचे अडतीस ते बेचाळीस हे भाग एकाने सावकाश वाचावे आणि बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकावे. येशूचे शिष्य पांगलेले आहेत, क्रूसावरून देह उतरवला जात आहे, शब्बाथ, यहूद्यांचा विश्रामाचा दिवस, लागायला थोडाच वेळ उरला आहे. त्या वेळी निकदेम गंधरस आणि अगरू यांचे शंभर लित्रा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे 33 किलो, मिश्रण घेऊन येतो. योहान येथे मुद्दाम आठवण करून देतो की हा तोच, जो पूर्वी रात्री आला होता. तो नव्याने जन्मला होता की नाही, याबद्दल योहान एक शब्दही लिहीत नाही. तो आणि पिलाताकडे देह मागणारा अरिमथाईकर योसेफ असे दोघे मिळून देह घेतात आणि तागाच्या वस्त्रांत सुगंधी द्रव्यांसह गुंडाळतात.